बिनगोळीची सकाळ

डॉक्टरीणबाईंनी चाचणीचे दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि चष्मा काढला. सकाळी गोळी न घेता शोभाताई जशा नीट चालल्या होत्या, गोळी दिल्यावरही तशाच चालल्या. फरक म्हणावा असा नव्हताच.

गोळीने ज्यांना फरक पडतो, त्यांनाच कंपवाताच्या या ऑपरेशनचा उपयोग होतो, असं त्यांनी समजावलं. मेंदूत दोन बारीक तारा सोडायच्या, छातीत कातडीखाली बॅटरी बसवायची. मेंदूतला बिघडलेला तेवढाच ठिपका जाळून टाकायचा दुसरा मार्ग होता, पण तो एकाच बाजूला चाले आणि शोभाताईंच्या अंगाच्या दोन्ही बाजू आखडलेल्या, म्हणून तो बाद. आणि गोळीचा असर आता जेमतेम दीड तास टिकत होता. म्हणजे आशा होती ती तारांवरच.

"सकाळची गोळी चुकून दिली गेली नाही ना?" त्यांनी सरळ विचारलं.

"डबी कालपासून दीक्षाच्या पर्समध्ये आहे, मॅडम," नत्थूजी म्हणाले.

दीक्षाने मान डोलावली. आईने सकाळपासून फक्त चहा घेतला होता, तोही बाबांच्या हातचा, नुसता पाक. डॉक्टरीणबाई हसल्या. चहाला काही हरकत नव्हती.

नत्थूजी मेश्राम म्हणजे कामठीच्या शाळेत बत्तीस वर्षं राहिलेले पीटी मास्तर. त्यांच्या शिट्टीसरशी चारशे पोरं सरळ रेषेत उभी राहायची. निवृत्त झाले तरी शिट्टी शर्टाच्या खिशातच असे, आणि अकरा वर्षांपासून तिच्या सोबतीला गोळ्यांची एक पट्टी, बायकोचे पाय बाहेर कुठे अडले तर असावी म्हणून. घरात तिचे पाय उंबऱ्याशी चिकटले की ते जवळ जाऊन हळूच म्हणत, "एक-दोन, एक-दोन." आणि ती चालायला लागे. शिट्टी मात्र त्यांनी घरात कधी वाजवली नाही. वाजवली असती तर माणूस वाचला नसता, असं शोभाताईच सांगत.

परतताना ऑटोत दीक्षाने आईची हजेरी घेतली. भांडेवाली रीना यायच्या आधी जी बाई भांडी विसळून ठेवते, ती डॉक्टरसमोर आजारी दिसायला तयार होईल? कुठेतरी लपवलेली गोळी घेऊन ती ऐटीत चालून आली, हे उघड होतं.

"खरं सांग आई, घेतली नं तू?"

शोभाताईंनी रस्त्याकडे पाहिलं. "घेतली असन. डॉक्टरीनीसमोर काय फरफटत जाऊ?"

दीक्षाने कपाळावर हात मारून घेतला. नत्थूजी दुसऱ्या बाजूने बाहेर बघत होते. घरी पोचताच पोरीने डॉक्टरीणबाईंना फोन केला, आईचा पराक्रम सांगितला आणि पुढच्या मंगळवारची तारीख मिळवली. पुन्हा तीच चाचणी, पुन्हा बिनगोळीची सकाळ.

धोक्याचं बोलणं पहिल्याच भेटीत झालं होतं. डोक्यात रक्तस्राव शंभरात एखाद-दोघांना होतो, डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. दीक्षाला ते नगण्य वाटलं. नत्थूजींनी मात्र जन्मभर रामटेकच्या सहलीला पोरं नेली होती, बसमध्ये चढताना मोजून आणि उतरताना मोजून. शंभरात दोन कमी भरणं त्यांच्या हिशोबी थोडं नव्हतं. त्या दिवशी अर्धी भाकरी त्यांच्या ताटात राहिली. शोभाताईंनी ते ताट पाहिलं.

शनिवारी दीक्षा कामावर गेलेली आणि नत्थूजी कळमन्याच्या बाजारात संत्री आणायला गेले. शोभाताईंना आंबटगोड लागतात, तीही त्यांनी निवडलेलीच. ओळखीचे लोक भेटले, गप्पांत उशीर झाला. घरी आले तर करपल्याचा वास. दूध उतू जाऊन शेगडीवर काळं पडलं होतं आणि शोभाताई स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी चौकट धरून उभ्या. गोळीचा असर संपला होता. पाऊण तास त्या तशाच उभ्या होत्या.

नत्थूजींच्या हातातली पिशवी सुटली. "एक," ते म्हणाले. पुढचं काही तोंडातून निघेना.

"दोन," शोभाताई म्हणाल्या. "मी मनात तेच म्हणून राहिली होती. पण तुमच्या आवाजाबिगर पाय आयकत नाही."

त्यांनी तिला खुर्चीवर बसवलं, एक संत्रं सोलून फोडी हातात दिल्या. मग ते बराच वेळ शेगडी घासत राहिले. पाठमोरे होते, पण खांदे हलत होते आणि ते घासण्यामुळे नव्हे. लग्नाला बेचाळीस वर्षं झाली होती. या बाईशिवाय आपलं काय होईल, हा विचार ते रोज करत. आपण कळमन्यात हसत उभे असताना तिचं काय होत असतं, हे त्यांना आज दिसलं.

मंगळवार उजाडला. शोभाताईंना कूसही बदलता येत नव्हती. दीक्षाने डबी पर्समध्ये टाकली होती. नत्थूजींनी बायकोला उठवून बसवलं, तिची वेणी घातली, वाकडी का होईना. आज त्यांनी बिनखिशाचा सदरा घातला होता. मग आत जाऊन त्यांनी चहाचं आधण ठेवलं.

"चहा करून राहिले का?" पलंगावरून आवाज आला.

"हो."

"साखर बेतानं टाका. मागच्या मंगळवारी गोळीचा कडूपणा लपवाले चार चमचे टाकली होती तुम्ही."