सावधान

"अहो, आज तरी ताठ उभे राहू नका," वैजयंताने पेन्शन कार्यालयाच्या दारातच नवऱ्याला बजावलं.

हवालदार रंगराव निकमांनी मान डोलावली. पलटणीत त्यांच्या मणक्यात बसवलेली पट्टी सावधानमध्ये ताठ उभं राहिलं की दुखणं बंद करायची. त्या जोरावर त्यांनी बर्फात तोफांचे सुटे भाग पाठीवर वाहिले. पाठीचा पार चुराडा झाला, तो कळला निवृत्तीनंतर. पट्टी मात्र आतच राहिली.

अपंगत्व पेन्शनचं हे शेवटचं अपील. निकाल वेदना मोजणाऱ्या यंत्राचा. रंगराव खुर्चीत वाकून कण्हत होते, काटा चढत होता. वैजयंताच्या जिवात जीव आला.

तेवढ्यात दार उघडून त्यांच्या जुन्या पलटणीचे कर्नलसाहेब आत आले.

रंगराव खाडकन उठले. टाचा जुळल्या, छाती पुढे आली. काटा शून्यावर पडला.

"बसा, हवालदार. कसं वाटतंय?"

"एकदम ठीक, साहेब!"

यंत्राने अपील फेटाळलं. कर्नलसाहेब मान खाली घालून निघून गेले. रंगराव तसेच उभे.

"चला आता घरी," वैजयंता म्हणाली.

"जरा थांब गं," ते ओठही न हलवता पुटपुटले. "हललो की सुरू होईल."