आज आपलं बाळ काय शिकलं

मुलाच्या जडणघडणीत शाळा आणि पालक ही एकाच रथाची दोन चाकं असतात, असं बालवाडीच्या दारावर ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं. त्यातलं एक चाक रोज दुपारी मोबाइलवर मुलाची प्रगती धाडायचं आणि दुसरं त्याखाली हात जोडायचं.

लेक चार वर्षांचा झाला तरी घरात तोंडातून शब्द काढत नव्हता. शाळेत मात्र, मेसेज वाचले तर, तो गोष्टी सांगायचा, कोडी घालायचा, मित्रांची समजूतसुद्धा काढायचा. म्हणजे खोट आपल्यातच, हे आईने मनाशी ठरवून टाकलं होतं. सासूबाईंनी ते तिच्या आधीच ठरवलं होतं.

त्या दुपारी तो तापाने फणफणून तिच्या मांडीवर पडला होता आणि मोबाइल वाजला: ‘आज आपल्या बाळाने सर्वांसमोर खणखणीत आवाजात गाणं म्हटलं!’

तिने तिथल्या तिथे शाळेतल्या बाईंना फोन लावला.

“बाई, तो आज घरी आहे.”

“अगंबाई! अहो, महिन्याचं नियोजन आधीच झालेलं असतं ना, मेसेज आपोआप जातात. सगळ्यांना तेच. पण वाचायला किती छान वाटतं, नाही?”



“तो तिथे बोलतो की नाही, एवढंच सांगा.”



“बोलत असेल की. आपला तो चष्मेवाला ना?”

त्याला चष्मा नव्हता.