रिकामा डबा

अनिरुद्धच्या स्वादुपिंडाला कायमची सूज, त्यात मधुमेह. तेल बंद, साखर बंद. हिंजवडीला जाणारी कंपनीची बस यायच्या आत कल्याणी त्याला वाफवलेल्या भाजीचा डबा भरून द्यायची आणि घरी स्वतःही तेच गिळायची. एकटीनं भजी खाणं तिला पटेना.

तरीही अनिरुद्धची पोटदुखी उसळलीच. हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं, "बाहेरचं तेलकट काही खातात का हे?"

"छे! डबा रोज चाटूनपुसून रिकामा येतो," कल्याणी ठामपणे म्हणाली.

संध्याकाळी ऑफिसातला सूरज भेटायला आला. त्याला बघताच अनिरुद्धनं डोळे मिटून घेतले.

सूरज हळूच म्हणाला,



"थँक्यू हं वहिनी! तुमचा डबा खायला लागल्यापासून माझी शुगर एकदम नॉर्मल आलीये."