खुर्च्या पास कोण करतं?

“मनुष्यबळ सल्लागार म्हणे!” काकांनी हातातला रंधा टेबलावर आदळला. “इथे निम्मी माणसं घरातली, उरलेली घरच्यासारखी. आपली माणसं आपल्याला कळत नाहीत, ती बाहेरच्या बाईला कळणार?”

“कळतात, म्हणूनच कुणी कुणाला काही बोलत नाही,” पुतणी म्हणाली. सकाळपासून ती हेच सांगत होती.

कारखान्यात चालायला जागा उरली नव्हती. तयार खुर्च्या भिंतीपासून थेट दारापर्यंत आल्या होत्या. माणसं अंग चोरून ये-जा करत. सभागृहवाल्यांनी निक्षून सांगितलं होतं, उद्या माल आला नाही तर ऑर्डर रद्द. पण खुर्च्या पास झाल्या नव्हत्या, आणि पास करायची रीत एकच होती. दादा, म्हणजे तिचे वडील, प्रत्येक खुर्चीत बसायचे, डोळे मिटायचे, उठायचे. चांगली असली तर बैठकीखाली खडूची रेघ. नसली तर खुर्ची उलटी.

दादा गेल्यापासून एकाही खुर्चीत कुणी बसलं नव्हतं. काका म्हणत, सांध्यांतलं मामांना जास्त कळतं. मामा म्हणत, हे पडलं बहिणीचं सासर, मान तुमचा. मग दोघं तिच्याकडे बघत, आणि नेमका तेव्हाच तिला कुणाला तरी फोन करायचा असे.

सल्लागारबाई जिना चढून धापा टाकत आल्या. “या सगळ्या वाटेत कशाला?”

“पास व्हायच्यात,” मामा म्हणाले.

“कोण करतं?”

“दादा,” काका म्हणाले.

“मग बोलवा ना त्यांना. कधी येतात?”

करवत थांबली.

“दादा म्हणजे बाबा,” ती म्हणाली. “फोनवर सांगितलं होतं तुम्हाला.”

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. “माझा गुडघा काही उभं राहू देत नाही,” एवढंच म्हणून त्यांनी हाताशी आली ती खुर्ची ओढली आणि सरळ बसल्या.

“अहो!” मामांच्या तोंडून निघालं. काका झपकन पुढे आले आणि तिथेच थांबले.

बाई मागे रेलल्या, पुढे झाल्या. “ही डुगडुगतेय.”

“डुगडुगणारच!” मामा उसळले. “मागचा पाय बसवलाय कुणी? यांच्या चिरंजीवांनी!”

“मग इतके दिवस तोंडात मिठाची गुळणी धरली होती का?” काका गरजले.

“तुमच्या घरात मी बोलायचं?”

“नाही तर कुणी? खुर्च्यांनी?”

बाई मध्ये पडल्या नाहीत. उठून शेजारच्या खुर्चीत बसल्या. “ही बरी वाटते. पण मला यातलं काय कळतं!”

काकांनी पहिली खुर्ची उचलली, मागच्या पायाला हात लावून पाहिला, आणि ती उलटी करून ठेवली.

“पुढची तुम्ही,” बाई तिला म्हणाल्या.

ती बसली. डोळे मिटले. पाठीला लाकूड लागलं, टाचा जमिनीला टेकल्या. उठायची वेळ झाली तरी ती उठली नाही. मामांनी खोकला दाबून धरला.

“पोरी, झोपलीस का?” काका खेकसले. खडू त्यांनी तिच्यापुढे धरला होता. तोंड मात्र दुसरीकडे. “ऊठ लवकर. पार भिंतीपर्यंत बसत जायचंय तुला.”