टेबलं हलवू नयेत

नव्या फरशीवर टेबल फरफटल्याचा आवाज आला आणि मालकांनी गल्ल्यावर बसल्या बसल्या डोळे मिटून घेतले. सकाळपासूनचा हा पाचवा. डोळे उघडले तेव्हा टेबलाचं एक टोक पेन्शनर मास्तरांच्या हातात होतं, दुसरं शिंपीणबाईंच्या, आणि वरात खिडकीकडे निघाली होती. त्यांच्या डोक्यावरच मालकांनी परवा लावलेली पाटी होती: ‘कृपया टेबलं हलवू नयेत.’

“मास्तर, पाटी वाचलीत?”

“वाचली. अक्षर सुरेख आहे,” मास्तर म्हणाले आणि टेबलाला शेवटचा धक्का दिला.

हॉटेल नव्या जागेत येऊन बारा दिवस झाले होते. जुनी जागा म्हणजे बोळच. नऊ टेबलं आणि मनात आलं तर फिरणारा एक पंखा. मालक तिथे गल्ल्यावर रस्त्याकडे तोंड करून बसत, येणारं गिऱ्हाईक दिसावं म्हणून. आलेल्याकडे बघायची त्यांना कधी गरज पडली नव्हती. नवी जागा दुप्पट मोठी. आता गल्ला आतल्या बाजूला होता, त्यामुळे सगळं दिसत होतं, आणि जे दिसत होतं त्याने मालकांचं डोकं उठत होतं.

टेबलांची मांडणी मेव्हण्याने केली होती. तो दुकानं सजवण्याच्या धंद्यातला, शिवाय बायकोचा एकुलता एक भाऊ, म्हणजे दोन्हीकडून तोंड बंद. बोळात उजवीकडे असलेलं स्वयंपाकघराचं दार त्याने इथे डावीकडे नेलं आणि टेबलं तिरकी लावली. जुनी गिऱ्हाइकं यायची, वा वा म्हणायची, आणि आपलं टेबल उचलून बोळात होतं त्या ठिकाणी नेऊन ठेवायची. खिडकीवाले खिडकीशी, खांबवाले खांबाशी. इथे खांबच नव्हता. तरी छापखान्यातली जोडगोळी नसलेल्या खांबाच्या पलीकडे जागा धरून बसली.

वर आत येतानाची ती आरोळी. “आलो रे, खिडकी.” “आलो, खांब.” बोळात ते खपून जायचं. इथे काचेच्या दारातून माणसं भंगारवाल्यासारखी ओरडत आत येत होती.

“सवयीचे गुलाम आहेत सगळे,” मालक घरी म्हणाले होते.

“ऐका, कोण बोलतंय,” बायको म्हणाली. “तीस वर्षं एका खुर्चीत बसलेला माणूस.”

पण खरी डोकेदुखी रजिस्टरची होती. रजिस्टर म्हणजे वेटर. एकवीस वर्षांत त्याने एकही ऑर्डर लिहून घेतली नव्हती, सगळं डोक्यात, म्हणून हे नाव पडलेलं. बोळात त्याच्या हातून चूक झाल्याचं कुणाला आठवत नव्हतं. इथे आल्यापासून सूप मागितलेल्याला ऑम्लेट आणि ऑम्लेटवाल्याला सूप. मालकांनी वही-पेन दिलं, ते त्याने आदराने खिशात ठेवलं आणि तिथेच राहू दिलं. परवा त्याने रिकाम्या टेबलावर तीन कॉफ्या नीट मांडल्या आणि “साखर कमीच घातलीय” असंही सांगितलं.

आणि गिऱ्हाइकं चकार शब्द काढत नव्हती. समोर येईल ते मुकाट्याने गिळत होती. मालकांना सगळ्यात जास्त संताप याचा होता. भांडणाऱ्याची समजूत घालता येते. गप्प बसणाऱ्याचं काय करायचं?

तेव्हा आज त्यांनी सोक्षमोक्ष लावायचं ठरवलं. सकाळी कुणी यायच्या आत रजिस्टरला सांगून टाकलं, “उद्यापासून येऊ नकोस. वय झालं तुझं.” रजिस्टर “बरं मालक” म्हणाला, फडकं खांद्यावर टाकलं आणि कामाला लागला. माणसाने निदान भांडावं तरी. आणि दुपारी सुताराला बोलावून घेतलं. मेव्हण्याच्या नकाशाबरहुकूम टेबलांचे पाय फरशीला स्क्रूने आवळायचे होते.

सुतार आला. त्याने ड्रिल काढलं, तसे मास्तर उठले आणि टेबलावरच मांडी घालून बसले.

“आधी मला भोक पाड,” ते सुताराला म्हणाले, “मग टेबलाकडे वळ.”

“अहो मास्तर, पोरखेळ लावलाय का?” मालकांचा आवाज चढला. “मोठी जागा घेतली, वारा आहे, उजेड आहे, आणि तुम्ही सगळे मिळून मला परत त्या बोळात नेऊन बसवताय. टेबल दोन हात इकडचं तिकडे झालं म्हणून काय आभाळ कोसळतंय तुमच्यावर?”

शिंपीणबाईंनी स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. रजिस्टर आत होता.

“आम्हाला काही नाही हो,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “त्याला अडचण होते. बोळात त्याच्या दारापासून खिडकी अकरा पावलं, खांब सात. आम्ही ओरडलो की कोण कुठे बसलं ते त्याला कळतं. दार डावीकडे गेलं म्हणून जरा चुकतोय, महिनाभरात बसेल त्याचं गणित. तोवर खाऊ आम्ही काय येईल ते.”

“ओरडायला कशाला पाहिजे? कोण कुठे बसलंय ते त्याला दिसत नाही का?”

मास्तरांनी नाही म्हणून मान हलवली. सुताराने ड्रिल पिशवीत ठेवलं.

मालक खुर्चीत टेकले. “कधीपासून?”

“सहा वर्षं होतील,” मास्तर म्हणाले. “सावल्या तेवढ्या दिसतात.”

“आणि मला एकट्यालाच कुणी सांगितलं नाही?”

“त्यानेच हात जोडले होते. मालकांना कळलं तर काढून टाकतील म्हणायचा.” मास्तर टेबलावरून खाली उतरले. “आम्ही त्याला सांगून दमलो. म्हटलं, अरे, आपले मालक तसे नाहीत.”