खालची रेघ

आईने पाण्याची बाटली उचलली आणि लेकीने मान चटकन बाजूला घेतली.

"पाणी नको. कोरडेच काप."

"न भिजवता कुणी कात्री लावतं का?" आई म्हणाली.

अर्धं आयुष्य शिवणयंत्रापुढे घालवलेली बाई. नवं सुती कापड आधी भिजवायचं, ते आटलं की मगच कापायचं, हा तिचा धर्म. लेकीचे कुरळे केसही तिने लहानपणापासून याच धर्माने कापले होते. भिजवायचे, कंगव्याने ताणून सरळ करायचे आणि "बोटभरच हं" म्हणत कात्री चालवायची. केस वाळले की चार बोटं गेलेली दिसत. मग लेकीचं रडणं, आईचं चिडणं आणि दिवसभर दोघींचा अबोला.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. गेली दोन वर्षं लेकीने आईची कात्री जवळ येऊ दिली नव्हती. केस छान वाढले, कमरेकडे निघाले, पण वाढता वाढता त्यांचा कुरळेपणाच गेला. डोक्याशी चप्प, पाठीवर सरळ, टोकांना उगाच दोन वळणं. सलूनवाल्या बाईने सांगून टाकलं होतं, कुरळे हवेत तर खांद्यापर्यंत काप, लांब हवेत तर कुरळे विसर. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. लेकीला दोन्ही हवं होतं, म्हणून ती नाइलाजाने आईकडे आली होती. आज पुन्हा तेच झालं तर आईच्या हाती डोकं द्यायचं नाही, कधीच नाही, हे तिने मनाशी पक्कं केलं होतं. आईलाही ते कळलं असावं, कारण बाटली तिच्या हातात तशीच राहिली.

"असं करू," लेक म्हणाली. "भिजव. पण कापू नकोस. नुसती खूण कर."

केस कापताना घालायचा सदरा ठरलेला होता, बाबांचा जुना, गडद निळा. लहानपणी तो तिच्या घोट्यापर्यंत यायचा. आईने केस भिजवले, विंचरून खाली ओढले आणि जिथे टोकं टेकली तिथे सदऱ्याच्या पाठीवर शिवणाच्या चपट्या खडूने आडवी रेघ मारली. मग लेक खिडकीशी पाठमोरी बसली आणि आई एका गिऱ्हाइकाच्या कोटाची काजं करायला बसली.

काजं काही धड होईनात. दोन टाके घातले की आईची नजर सदऱ्यावर जायची. केस रेघ सोडून वर निघाले होते. आधी टोकांनी अंग चोरलं, मग मधल्या बटांनी. आई मधूनच सांगायची, की डावीकडची बट आता फार पुढे गेली, उजवीकडची आळशी आहे. एक काज तिरकं झालं, ते तिला उसवावं लागलं. पुढे पुढे तर तिने कोट बाजूलाच ठेवला आणि लेकीच्या मागे स्टूल ओढून बसली.

केस पुरते वाळले तेव्हा तिने दुसरी रेघ मारली. दोन रेघांमध्ये हात आडवा धरून पाहिला. बरोबर चार बोटं.

"कापड मी वाळल्यावर कापते," ती म्हणाली. "भिजवते, वाळवते, मग कापते. तुझे केस मात्र ओलेच कापत आले. मला वाटायचं, तू खांदे वर घेऊन बसतेस, त्याने माप चुकतं. म्हणून ओरडायचे."

"आणि मला वाटायचं, तुला माझे लांब केस आवडत नाहीत."

"मला?" आई म्हणाली. तिने लेकीच्या केसांत बोटं घातली आणि सगळा भार तळव्यावर उचलून धरला. आणि पाहते तर काय, डोक्याशी चप्प बसलेले केस हळूच वळले. तिने हात काढला, ते पुन्हा सरळ झाले. पुन्हा उचलला, पुन्हा वळले. अपराधी वाटणं राहिलं बाजूला, बाई त्या खेळातच रमली.

मग तिला आठवला कधीतरी शिवलेला एक घेरदार झगा. घेर फार जड झाला की कमरेच्या चुण्या ओढल्या जातात आणि उभ्याच राहत नाहीत. अशा वेळी लांबी कुणी कापत नाही. आतलं कापड कमी करतात.

तिने बाटली कपाटात ठेवून दिली. आतल्या केसांतली बोटभर जाडीची एक कोरडी बट निवडली, न ताणता थोडीशी कापली, सोडली आणि ती कुठे जाऊन थांबते ते पाहिलं. मग दुसरी. प्रत्येक बटेला ती तिचा वेळ देत होती. लेक हातातल्या आरशात पाहत होती आणि नकळत तिचे खांदे सैल झाले होते. उन्हं कलेपर्यंत डोक्याशी लाटा उठल्या आणि वरच्या रेघेवरची टोकं तिथेच राहिली.

"टोकं थोडी सारखी करतेस?" लेकीने आपण होऊन विचारलं.

"आज नको," आई म्हणाली. "कोरडे असताना खालच्या रेघेला टेकले, की मग."

एरवी केस कापून झाले की ती सदरा खिडकीबाहेर धरून फाडफाड झटकायची. आज तिने तो मांडीवर पसरला आणि अडकलेला एकेक केस चिमटीने वेचत बसली. रेघ पुसली जाऊ नये म्हणून.