बेताच्या अकलेचा साक्षीदार

बापूसाहेबांना बेताच्या अकलेचा, पण कामात पक्का असा माणूस हवा होता, आणि तोही आठवड्याच्या आत.

अमरावतीत वकिली करताना त्यांनी साक्षीदार पुष्कळ शोधले होते, पण असला कधी शोधला नव्हता. हुशार माणूस हुडकणं सोपं. प्रत्येकजण स्वतःहून हात वर करतो. साधारण माणूस मात्र शोधूनही सापडेना.

गरज जानरावची होती. मोर्शीकडचा हा तरुण सरकारी बिनतारी केंद्रात नोकरीला होता. तिथं हवेतून आलेला मजकूर यंत्रच कागदावर उमटवायचं. पण दोन्ही टोकांची यंत्रं एका तालात फिरली नाहीत, की मजकुराची खिचडी. जानरावनं त्यावर युक्ती काढली. मजकुराआधी दोन ठोके लागोपाठ पाठवायचे, तिसरा जरा थांबून. तेवढ्यावर पलीकडचं यंत्र आपोआप ताल धरतं.

त्यानं पेटंट मागितलं. कलकत्त्याहून तपासनिसाचं पत्र आलं, की ही युक्ती या धंद्यातल्या कोणत्याही साध्या कारागिराला सहज सुचली असती. तसं नाही, हे पटवायला असाच एक साधा कारागीर साक्षीला हवा होता.

जानरावचा वरिष्ठ तर उघड म्हणाला, "याच्या डोक्यातून हे निघणं शक्य नाही. कुठल्यातरी विलायती पुस्तकातून उचललं असेल." अर्ज फेटाळला गेला असता, तर त्या बोलण्यावर शिक्काच बसला असता. पोराची झोप उडाली होती. बापूसाहेबांनी फी न घेता काम हाती घेतलं ते त्यासाठीच.

"अकोल्याच्या देवमनला पाहा," कोणीतरी सुचवलं. "रेडिओ दुरुस्त करतो. सांगाल तेवढंच करतो, त्याच्यापुढं तसूभर नाही."

बापूसाहेब सकाळच्या मोटारीनं अकोल्याला गेले, तेव्हा देवमन दुकानाच्या फळ्या काढत होता. सायकल भिंतीला टेकवलेली. त्यानं नमस्कार केला आणि म्हणाला, "दोन मिनटं थांबा, साहेब. आंदी घड्याळ."

भिंतीवरच्या घड्याळाचे काटे त्यानं नीट नऊवर आणले, खालची कळ दाबली. घड्याळ जरासं खाकरलं. मगच तो वळला. रोजचा नेम वकिलासाठीसुद्धा मोडवत नाही, हा आपलाच माणूस, असं बापूसाहेबांनी मनाशी ठरवून टाकलं.

त्यांनी अडचण तेवढी सांगितली, उत्तर सांगितलं नाही. "दोन यंत्रं, दोन गावांत. एका तालात कशी आणशील? तीन दिवसांनी लिहून दे."

देवमननं विचारलं, "हे कोनाचं काम हाय?"

"जानराव म्हणून आहे. मोर्शीचा."

"त्यायनं सोताच काहाडलं? कोनी सांगतलं नाई?"

"स्वतःच. पण त्याचे साहेब त्याला चोर म्हणतात."

देवमन हातातला पेचकस फडक्यानं पुसत राहिला. "मंग देतो लिवून," तो म्हणाला.

तीन दिवसांनी कागद मिळाला. पाच उपाय, पाचही चुकीचे. एक तर असा, की दोन्हीकडं एकेक माणूस बसवावा आणि त्यानं टेलिफोनवर "हो" म्हणावं. खाली सहाचा आकडा घालून खोडलेला होता. बापूसाहेबांना इतका आनंद फार दिवसांत झाला नव्हता.

प्रतिज्ञापत्र वाचून दाखवताना मात्र त्यांना ओशाळल्यासारखं झालं. "मी या धंद्यात पंधरा वर्षे आहे. माझी बुद्धी सामान्य आहे. जानरावची युक्ती मला आता समजावून दिली आहे. ती मला कधीही सुचली नसती."

"बराबर लिवलं," देवमन म्हणाला. "सामान्यच्या आंदी अगदी टाका."

"तेवढ्याची गरज नाही."

"टाका, साहेब. काम पक्कं होऊ द्या." मग त्यानं विचारलं, "यातलं खोटं निघालं तं?"

"तर शिक्षा होते. पण खोटं काय आहे यात? सुचली असती का तुला?"

"मले? नाई बा," देवमन म्हणाला, आणि त्यानं सावकाश, वळणदार सही केली.

आणखी दोघातिघांचे कागद जोडले होते, पण तपासनिसाला पटला तो देवमनचा. सात महिन्यांनी पेटंट मिळालं. जानराव बापूसाहेबांच्या बैठकीत येऊन बसला आणि बोलता बोलता रडला. "आता कोनी चोर नाई म्हननार मले," एवढंच म्हणाला. बापूसाहेबांचेही डोळे भरून आले.

दुसऱ्याच दिवशी ते पेढे घेऊन अकोल्याला गेले. दुकान उघडायच्या आत गाठावं म्हणून थेट घरीच गेले, तर देवमन नुकताच सायकलवर निघाला होता. त्याची बायको चतुराबाई हिनं त्यांना बसवलं, चहा ठेवला.

"आता पोचतीन ते. दीड कोस हाय, मधात रेल्वेचं फाटक," ती म्हणाली. पातेलं खाली उतरवतानाही तिचं लक्ष भिंतीकडं होतं.

भिंतीवर दुकानातल्यासारखंच एक घड्याळ होतं. त्यात नऊला दहा कमी होते.

"तुमचं घड्याळ मागं आहे, बाई," बापूसाहेब आपल्या मनगटाकडं बघत म्हणाले. "नऊ झालेत."

"व्हईन आता बराबर."

तेवढ्यात घड्याळात ठोके पडले. दोन लागोपाठ, तिसरा जरा थांबून. आणि कोणी हात न लावता काटे सरकत नऊवर गेले.

बापूसाहेबांच्या हातातला कप हातातच राहिला.

"पोचले दुकानात," चतुराबाई म्हणाली. तिनं सुटकेचा निःश्वास टाकला आणि पेढ्यांचा पुडा उघडला. "मले लय घोर लागे, म्हून लगन झालं त्याच साली बनवलं त्यायनं हे. अकरा वर्सं झाले, एक दिवस चुकलं नाई."